दादाचा ठिपका

आमचा दादा कुणाच्या घरी गेला की पहिली पाच मिनिटं बोलत नाही. भिंतीकडे बघत बसतो. मग उठतो, भिंतीवरची तसबीर बोटभर उजवीकडे सारतो, दोन पावलं मागे येऊन बघतो आणि मगच "काय, कसं काय?" म्हणतो. एकदा छातीत दुखतंय म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेलं, तर तपासायच्या टेबलावर आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "डॉक्टर, तुमचा पंखा दोन सूत कलंडलाय." डॉक्टर घाबरले, त्यांना वाटलं दुखणं डोक्यात चढलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दादा सगळं सुतात मोजतो, म्हणून मला हा हिशेब ठाऊक.

सरळपणाचा एवढा सोस असलेला हा माणूस स्वतः मात्र डावा खांदा खाली आणि उजवा वर असा उभा राहतो. त्याचे शर्ट मीच शिवते, तेव्हा डाव्या खांद्याला चार सूत कमी धरते. एकदा त्याला तसं सांगितलं. म्हणाला, "तुझी टेप ताणली गेलीय. नवी आण." मी वाद घातला नाही. दादाशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि त्यात वहिनीही आली, जी बाकी सगळ्या गल्लीला पुरून उरते.

दादा जुन्या चेनच्या ट्रॅक्टरांच्या फ्रेमा सरळ करतो. लोक त्यांना सरसकट बुलडोझर म्हणतात. या यंत्राला चाकांऐवजी दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची जाडजूड चेन असते, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की प्रत्येक चेनच्या आत माणसापेक्षा लांब एक लोखंडी तुळई असते. तिच्या पुढच्या टोकाला एक मोठं गुळगुळीत चाक, मागे यंत्राचं दात्यांचं चाक, आणि या दोघांभोवती चेन फिरते. ही तुळई म्हणजे फ्रेम. तिला आतल्या बाजूनं एक तिरका हात असतो, तो यंत्राच्या पोटाखाली अडकवलेला असतो, आणि फ्रेमनं नाक कुठे ठेवायचं हे तो हात ठरवतो. एखादा खडक नाहीतर खोड आडवं लागलं की फ्रेम वाकते, नाहीतर हात वाकतो, पुढचं चाक मागच्याच्या रेषेत राहत नाही आणि चेन उतरते. उतरलेली चेन परत चढवायला अर्धा दिवस लागतो आणि आठवडाभर पुरतील एवढ्या शिव्या लागतात.

वाकलेली फ्रेम सरळ करायची म्हणजे घण घालायचा, असं मला पूर्वी वाटायचं. दादाच्या शेडमध्ये घण आहे, पण त्यावर तो टोपी अडकवतो. तो फ्रेम दोन गर्डरांच्या मध्ये जखडतो, वाकलेल्या जागी गॅसची ज्योत धरतो, लोखंड लालभडक झालं की जॅकनं बेताबेतानं दाबतो. आणि मग नुसता बसून राहतो. पाणी मारायचं नाही, पंखा लावायचा नाही. थंड होताना लोखंड आपल्या मनानं आणखी थोडं सरकतं, म्हणून त्यावर निवांत तळहात टेकता येईपर्यंत माप घ्यायचं नाही, हा त्याचा नेम. मशीनचा मालक घाईवर आला तर दादा त्याला खुर्ची देतो आणि म्हणतो, "तापलंय अजून. तुम्ही आणि ते, दोघंही निवा जरा."

माप पटलं की दादा एक टोकदार पोलादी पंच घेतो आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला हातोडीच्या एका ठोक्यात एकच ठिपका मारतो. नाव नाही, तारीख नाही. त्या ठिपक्यानंतर तो त्या फ्रेमला पुन्हा कधी मापाची दोरी लावत नाही. ठिपका आहे म्हणजे ती सरळ आहे, विषय संपला. उलट दुसरी बाजू वाकली तर ठिपकेवाल्या बाजूवरून तिचं माप काढायचं, म्हणजे मधोमध दोरी ताणायला यंत्राच्या पोटाखाली सरपटायचा त्रास वाचतो. या ठिपक्यामुळे त्याला सगळे ठिपकेमिस्त्री म्हणतात. त्याचं पाळण्यातलं नाव आता मलाही चटकन आठवत नाही.

दोरीचं एक टोक दादाच्या हातात असतं आणि दुसरं माझ्या. आधी तो शेजारच्या गॅरेजमधल्या फिटरला हाक मारायचा. पण फिटर पडला जाणकार. दोरी ताणली जायच्या आतच "झालं की हो, फर्स्ट क्लास!" म्हणायचा, आणि म्हणता म्हणता दोरी जिथे असायला हवी तिथे नेऊन ठेवायचा. दादानं कानाला खडा लावला. दोरी धरणाऱ्याला यातलं काही कळता कामा नये आणि त्यानं तोंड उघडता कामा नये, असं त्यानं ठरवलं. यातलं काही कळत नाही ही अट वहिनी सहज पुरी करत होती, पण दुसऱ्या अटीत तिचा निभाव लागण्यासारखा नव्हता. राहता राहिले मी. माझी शिवणाची खोली शेडला लागूनच आहे. दादा खिडकीतून "दोरी!" म्हणून ओरडतो, मी सुई कापडात टोचून ठेवते, चष्मा कपाळावर चढवते आणि जाऊन मुकाट्यानं टोक धरून उभी राहते. अठ्ठावीस वर्षं झाली.

आता सपाटराव. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी सपाट करत आले, म्हणून लोक सपाटराव म्हणू लागले. एकच जुनी मशीन, तीच चालवायची, तीच पुसायची, तिच्याशीच बोलायचं. लग्न केलं नाही. लोक म्हणतात त्यांचं लग्न मशीनशी लागलंय, आणि मशीनचा स्वभाव पाहता ते सुखाचंही नाही.

बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या मशीनचा उजवा तिरका हात वाकला होता आणि ते दादाच्या शेडमध्ये चार दिवस ठाण मांडून होते. दादाचे तेव्हा ते जिवलग दोस्त. चौथ्या दिवशी मी आत खिडकीशी शिवत बसले होते, तेव्हा त्यांचा आवाज आला, "तुझ्या बहिणीबद्दल बोलायचं होतं." मी शिवणयंत्रावरचा पाय थांबवला.

"नाही," दादा म्हणाला.

"अरे, ऐकून तरी घे."

"नाही म्हटलं ना."

मग पट्टी सरकल्याचा आवाज आला. मग पंचावर हातोडी पडल्याचा एक आवाज आला. "ने तुझी मशीन," दादा म्हणाला.

मी चोवीस वर्षांची होते. आत बसून वाट बघत राहिले की आता कुणीतरी येईल आणि मला विचारेल. वहिनी आली आणि "चहा ठेवू का?" असं विचारून गेली. त्या सगळ्या प्रकरणात मला विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न. चहा ठेवा म्हटलं.

नंतर दोन-तीन स्थळं आली, ती मला आवडली नाहीत, मी नको म्हटलं. खिडकीत बसून बावीस वर्षं उसासे टाकले असं कुणी समजू नये. ढीगभर शर्ट शिवले, शिवणयंत्राला मोटर बसवली, चाळिशी लागली. सपाटरावांचं येणं मात्र बंद झालं नाही. दादाकडे चेनखालच्या रोलरचं काहीबाही काम काढून यायचे. दोस्ती उरली नव्हती, दोघं एकमेकांना अहोजाहो करायचे आणि हवापाण्यावर बोलायचे. जाताना खिडकीतून मला उसवलेला शर्ट द्यायचे. दर खेपेला डावीच बाही, दर खेपेला काखेतच उसवलेली. मी दुहेरी शिवण घालून द्यायचे. त्यांचा शर्ट हाती आला की तो दिवस मला बरा जायचा, हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

यंदा त्यांची मशीन एका जुन्या पायाच्या काँक्रीटवर आदळली आणि डावी फ्रेम वाकली. फ्रेमही गेली आणि तिचा हातही. दादानं दोन दिवस खपून ती सरळ केली, उजव्या बाजूला आपला ठिपका आहे हे बोटानं चाचपून खात्री केली, आणि दोन्ही फ्रेमांमधलं अंतर पुढे-मागे मोजून सारखं करून दिलं. सपाटराव मशीन घेऊन गेले. चौथ्या दिवशी डावी चेन उतरली.

"तुम्ही झटका देऊन वळवलंत," दादा म्हणाला.

"मी वळवलंच नाही. सरळ चाललो होतो."

दादानं पुन्हा सोडलं, पुन्हा तापवलं, पुन्हा निववलं, पुन्हा उजवीकडून माप घेतलं. तीन दिवसांनी चेन पुन्हा उतरली. आता दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. चेनला नावं ठेवली, पिनांना नावं ठेवली, शेवटी फ्रेमचं लोखंडच थकलंय असं जाहीर केलं. मग जे त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. भंगारवाल्याकडे जाऊन त्याच जातीच्या मशीनची डावी फ्रेम, हातासकट, उचलून आणली. "दुसऱ्याची तंगडी," असं म्हणून ती बसवली. मी दोरी धरून उभीच होते. माप घेतल्यावर दादा खालून ओरडला, "बघा! हीसुद्धा वाकडी! चार सूत आत यायला हवी!" आणि त्या फ्रेमचा हात काढून, तापवून, चार सूत वाकवून परत बसवला. पाचव्या दिवशी चेन तिसऱ्यांदा उतरली.

त्या दुपारी सपाटराव वहिनीच्या ओट्यावर चहा पीत बसले. मी खोलीत होते. वहिनी काही कुजबुजत बोलत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"आता एकदा बघतो," ते म्हणाले. "आता उतरली तर मशीन भंगारात. मी धाकट्या भावाकडे जातो. त्याचं दुकान आहे परगावी, गल्ल्यावर बसेन."

"कायमचे?" वहिनीनं विचारलं.

"कायमचाच. इथे काय उरलंय माझं?"

माझ्या हातातली शिवण वाकडी गेली. ते जायला नको होते मला. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला हे स्वतःशी कबूल करायची लाज वाटू नये, पण वाटली, आणि लाजेपेक्षा धसका मोठा होता.

जाताना ते खिडकीशी आले आणि शर्ट पुढे केला. डावी बाही, काखेत. कितीतरी वर्षं मी ती बाही घेत आले, आणि त्या दिवशी प्रथमच तिच्याकडे नीट बघितलं.

"डावीच का उसवते हो तुमची?" मी विचारलं.

"डावा हात लांब असेल माझा."

"मापं मी घेतलीत. दोन्ही सारखे आहेत."

त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात टेकला. मग म्हणाले, "सवय आहे. डावा लिव्हर जरा ओढून धरावा लागतो. मशीन आपली उजवीकडे जायला बघते."

"कधीपासून?"

त्यांनी शेडकडे एकदा पाहिलं. "जुनी आहे मशीन," असं म्हणून निघून गेले.

मला यातलं काही कळत नाही, अशी माझी ख्याती आहे. पण शिवणाऱ्या बाईला शिवण कशानं उसवते ते कळतं. मशीन उजवीकडे जाते म्हणजे उजव्या फ्रेमनं नाक बाहेर काढलंय. तेही आजकाल नाही, मी पहिल्यांदा ती बाही शिवली तेव्हापासून, म्हणजे दादानं तिच्यावर ठिपका मारला तेव्हापासून. भंगारातून आणलेली फ्रेम वाकडी नव्हतीच. एका सरळ फ्रेमला दादानं, खपून, स्वतःच्या हातानं, आपल्या वाकड्या फ्रेमसारखं वाकडं केलं होतं. एकट्या उजवीचा ओढा डाव्या लिव्हरनं सावरत होता, आता दोन्ही नाकं उजवीकडे झाली आणि तो ताण डाव्या चेनला सोसेना.

आता हे दादाला सांगायचं कुणी? त्याच्या ठिपक्यावर बोट ठेवायचं म्हणजे वाघाच्या मिशीला हात. वहिनीशी बोलले. ती म्हणाली, "मी सांगितलं तर तो उजवी फ्रेम मरेपर्यंत तपासणार नाही. तू सांग. तू कधी बोलत नाहीस, निदान दचकेल तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी "दोरी!" अशी हाक आली. दादा उजव्या फ्रेमवरून चौथ्यांदा माप घ्यायला बसला होता. मी टोक धरलं.

"दादा," मी म्हटलं, "आज उजवीला दोरी लाव."

दादानं इकडे तिकडे पाहिलं. बोललं कोण हेच त्याला आधी कळेना.

"काय म्हणालीस?"

"यंत्राच्या पोटाखालून मधोमध दोरी ताण आणि उजवी मोज."

"तिच्यावर माझा ठिपका आहे."

"असू दे."

"असू दे? तुला कळतं काय त्यातलं? दोरी धरणाऱ्यानं—"

"मापाला आणलेला शर्टच चुकीचा असेल तर त्यावरून मी दहा शर्ट शिवले तरी दहाही चुकणारच ना? तीनदा झालं दादा. फ्रेम बदललीस तरी झालं. दर वेळी उजवी तीच होती."

मग दादानं शेड डोक्यावर घेतली. बहिणीला घरात बसवून खायला घातल्याचं हे फळ, इथून सुरुवात करून मी लहानपणी त्याची पट्टी मोडली होती तिथपर्यंत गेला. मी दोरीचं टोक सोडलं नाही. खरं तर पळून जावंसं वाटत होतं. पण टोक सोडलं तर पुढच्या आठवड्यात सपाटराव नसणार, हे एकच डोक्यात होतं. दारात वहिनी येऊन उभी राहिली होती आणि चमत्कार म्हणजे ती एक अक्षर बोलली नाही. बहुधा त्यामुळेच दादा घाबरला.

"बरं, बरं," तो म्हणाला. "बघून घे एकदाचं. नंतर मात्र त्या खिडकीतून तोंड दाखवायचं नाही."

मी पुढे, रेडिएटरखाली मधोमध दोरी धरून वाकले. दादा मागची मध्याची खूण पकडून पोटाखाली शिरला. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. पट्टी सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा सरकल्याचा. मग तिसऱ्यांदा. मग काहीच नाही.

"अहो," वहिनीनं अखेर तोंड उघडलं, "जिवंत आहात ना?"

"चार सूत," खालून आवाज आला. "बाहेर."

तो बाहेर येईना. आम्ही वाट पाहिली. नुसते पाय दिसत असलेल्या माणसाशी काय बोलायचं ते आम्हालाही सुचेना. शेवटी तो तिथूनच बोलू लागला, आणि दादा एवढं सलग बोललेला मी आधी कधी ऐकला नव्हता.

"त्या दिवशी हाच हात तापवला होता. लाल होता नुकता. आणि हा तुझ्याबद्दल बोलला. मी नाही म्हणालो. तर हा जाईना. तसाच समोर उभा. मला तो डोळ्यांपुढे नको झाला होता. म्हटलं एकदाची मशीन घेऊन जाऊ दे. लोखंड इतकं गरम होतं की तळहात टेकला असता तर कातडं निघालं असतं. तशीच दोरी लावली. ठिपका मारला."

"तेव्हा दोरी कुणी धरली होती?" मी विचारलं. मला तर हाक आली नव्हती.

"त्यानंच. तुला कशी हाक मारणार होतो त्या वेळी?"

मी खाली बसले, म्हणजे निदान त्याचे गुडघे तरी दिसावेत. "दादा, तू नाही का म्हणालास?"

"हा आज इथे, उद्या तिथे. काम असेल तिथे पत्र्याच्या शेडमध्ये राहणार. तुला कुठे नेऊन ठेवली असती कुणास ठाऊक. आई गेल्यावर तुला मी वाढवली. तू लांब गेलेली मला सोसलं नसतं."

"आणि मला विचारलं का नाहीस?"

पाय थोडे हलले. "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते कळेना. वहिनीनं माझी अडचण सोडवली. ती वाकून पायांना म्हणाली, "तेव्हाच म्हटलं होतं मी तुम्हाला! रात्रभर म्हणत होते!" आणि बावीस वर्षं साठवून ठेवलेलं सगळं तिनं त्या पायांना ऐकवलं. दादा तासभर बाहेर आला नाही, त्याला तेवढं कारण पुरे होतं.

मग त्यानं दोन्ही बाजूंचे हात काढले आणि दोन्ही सरळ केले. घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खुर्ची टाकून त्या लोखंडापुढे बसून राहिला, अधूनमधून तळहात टेकून बघत होता. माप दोन्हीकडून पोटाखालच्या दोरीवरूनच घेतलं. ते पटल्यावरही त्यानं पंच हातात घेतला नाही. मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही." तो हसला नाही, पण कान लाल झाले.

चाचणीला आम्ही सगळे मागच्या मोकळ्या मैदानात गेलो. सपाटराव मशीनवर चढले. जमिनीवर दादानं चुन्याची रेघ मारली होती. मशीन त्या रेघेवरून निघाली. सवयीनं त्यांनी डावा लिव्हर ओढला आणि मशीन डावीकडे वळली. त्यांनी दचकून लिव्हर सोडला. पुन्हा रेघेवर आणली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती सरळ चालत राहिली. मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेली, परत आली, चेन जागच्या जागी. दिवसभर त्यांनी ती पळवली, वळवली, दगडांवर चढवली, उतारावर आडवी घातली. चेन हलली नाही.

संध्याकाळी त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. दादा त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, डावा खांदा खाली टाकून.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "चार सूत. तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस बावीस वर्षं?"

"तू म्हणाला असतास, बहिणीला नाही म्हटलं म्हणून ठिपक्याला नावं ठेवतोय."

दादानं मान हलवली. तो तसंच म्हणाला असता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग घसा खाकरून म्हणाला, "त्या दिवशी मी नाही म्हटलं, कारण तू हिला गावोगाव फिरवली असतीस. पत्र्याच्या शेडीतनं. मला ती लांब जायला नको होती. एवढंच होतं. तुझ्यात काही खोट नव्हती."

सपाटराव त्याच्याकडे बघत राहिले. "गावोगाव? अरे, मी मागच्या गल्लीतली खोली घेतली होती. आठ दिवस आधी. तेच सांगत होतो तुला, तू पुढे बोलूच दिलं नाहीस."

मागच्या गल्लीतली खोली म्हणजे ते आजही राहतात ती. आमच्या मागच्या दारातून तिची खिडकी दिसते. मी रोज तिथे त्यांचे शर्ट वाळत घातलेले बघते. ती खोली त्यांनी कधी घेतली, कशासाठी घेतली, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता.

"ती?" दादा म्हणाला. "ती त्यासाठी होती?"

तो मशीनच्या चेनवर बसला आणि तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखा रडू लागला. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. आणि मी तिथे रागानं धुमसत उभी होते. दादाचा राग आलाच होता, पण समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या या दुसऱ्या माणसाचा त्याहून जास्त आला. एकानं विचारलं नाही आणि दुसऱ्यानं वाक्य पुरं केलं नाही. खिडकी दहा पावलांवर होती, तीही उघडी. बावीस वर्षं एक शिवण दर वर्षी उसवली आणि मी दर वर्षी शिवून दिली, हेही काही कमी मूर्खपणाचं नव्हतं.

"हे बघा," मी म्हटलं. "तुम्ही दोघं आता एकमेकांशी काही बोलू नका. मी विचारते." दादानं वर पाहिलं. मी सपाटरावांकडे वळले. "त्या खोलीत दोन माणसं राहू शकतील का?"

सपाटरावांनी डोक्यावरची टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते न कळून मशीनवर ठेवली.

"दोघांसाठीच घेतली होती," ते म्हणाले.